नकोशा पत्रांची चाळणी

ईमेलच्या पेटीत येणाऱ्या जाहिरातवजा व फसव्या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. ती वेगळी काढणाऱ्या यंत्रणेला पत्राचा अर्थ माणसासारखा कळत नाही. ती केवळ संभाव्यता मोजते. या गणिताचे मूळ थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, १७६३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने त्यावर आधारलेली रीत लोकप्रिय केली. समजा, ‘बक्षीस’ हा शब्द १०० नकोशा पत्रांपैकी ४० पत्रांत, पण १०० चांगल्या पत्रांपैकी एकाच पत्रात आढळला, तर तो पत्राविरुद्ध साक्ष देतो. परिचिताचे नाव त्याच्या बाजूने. अशा अनेक साक्षी एकत्र तोलून निवाडा होतो.

मात्र निवाड्यातील दोन्ही चुका सारख्या नव्हेत. एखादी जाहिरात आत शिरली तर क्षणभर त्रास होतो. मुलाखतीचे बोलावणे अडकले तर नोकरीच हातची जाते. म्हणूनच ग्रॅहमने चांगल्या पत्रांतील शब्दांची मोजणी दुप्पट धरली. अडविलेली पत्रेही लगेच नष्ट होत नाहीत. जीमेलमध्ये ती ३० दिवस ‘स्पॅम’च्या कप्प्यात राहतात. तेथे चुकून पडलेले पत्र ‘स्पॅम नाही’ अशी खूण करून बाहेर काढले, की ती खूणही यंत्रणेला पुढच्या मोजणीसाठी उपयोगी पडते.