पोस्टमास्तरांची शिल्लक

रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरांत रोजांबरोबर आणखी एक काम ठरलेले असते, ते म्हणजे जकातीचा हिशेब. घरातली बचत, सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज करायची, देणे असेल ते वजा करायचे आणि वर्षभर टिकलेली शिल्लक ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर तिच्यातले अडीच टक्के गरजूंना द्यायचे. अनेक घरांत हे काम पेन्शनीत निघालेल्या वडीलधाऱ्यांकडे असते. जोहरची नमाज झाली, की चष्मा पुसून ते वही उघडतात आणि नातवाच्या मोबाइलवरचा आकडा आपल्या आकड्याशी जुळतो का, ते पाहतात.

पैशाचा हिशेब असा एका दुपारीत उरकतो. आयुष्याच्या शिलकीचा हिशेब त्याहून अवघड. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते, चार चांगली भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कुठेच जायचे नसते. हातपाय चालते आहेत, डोके शाबूत आहे, थोडीफार पेन्शन आहे. या शिलकीचे करायचे काय? उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातील निवृत्त पोस्टमास्तरांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते रमजानच्या दिवसांत आठवावे असे आहे.

एक वचन

बुलंदशहर जिल्ह्यातील कसेर कलां हे त्यांचे गाव आणि फैजुल हसन कादरी हे त्यांचे नाव. 1953 मध्ये तजम्मुली बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला. अठ्ठावन्न वर्षांचा संसार झाला, पण मूलबाळ नव्हते. आपल्या मागे आपले नाव कोण घेणार, ही बेगमसाहेबांची खंत होती. लोकांच्या लक्षात राहील अशी वास्तू तुझ्यासाठी बांधीन, असे वचन कादरी यांनी त्यांना दिले. घशाच्या कर्करोगाने 2011 च्या डिसेंबरमध्ये बेगमसाहेबा गेल्या. पुढच्याच वर्षी, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कादरी यांनी घराजवळच्या स्वतःच्या जमिनीवर काम सुरू केले. ताजमहालाची छोटी प्रतिकृती उभी करायची, असा बेत होता.

शाहजहान बादशहाकडे खजिना होता. पोस्टमास्तरांकडे पेन्शन होती. त्यांनी जमिनीचा एक तुकडा विकला, पत्नीचे दागिने विकले आणि त्यातून घुमट व चार कोपऱ्यांचे मिनार उभे राहिले. भोवती झाडे लावली. आत बेगमसाहेबांची कबर आणि तिच्या शेजारी स्वतःसाठी जागा राखून ठेवली. पैसे संपले, की काम थांबायचे. पेन्शनीतून पुन्हा काही जमले, की पुढे सरकायचे. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या मनिऑर्डरी आणि बचतीची पुस्तके पाहिली, त्याला थोडे थोडे साठवण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गावाबाहेर बातमी गेली, तशी माणसे पाहायला येऊ लागली. काहींनी पैसे देऊ केले. कादरी यांनी ते नम्रपणे नाकारले. वचन आपले, तर खर्चही आपलाच, हा त्यांचा हिशेब होता.

संगमरवर राहिला

इमारतीचा सांगाडा झाला, पण संगमरवर बसवायचा राहिला. विटा आणि गिलाव्यातला तो ताजमहाल पाहून कुणी हळहळले, कुणी हसलेही असेल. मराठवाड्यातल्या वाचकाला मात्र अशा अपुऱ्या संगमरवराचे नवल वाटायचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा त्याच्या रोजच्या पाहण्यातला आहे. दिलरास बानू बेगम यांच्या स्मरणार्थ त्यांचा मुलगा आझमशाह याने सतराव्या शतकात तो बांधवला. त्याच्या भिंतींचा खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, मधले बांधकाम दगडाचे आणि त्यावर घोटीव चुन्याचा गिलावा. जुन्या नोंदीत खर्च 6,68,203 रुपये दिलेला आहे. शहजाद्यालाही हात आखडता घ्यावा लागला, म्हणून मकबऱ्याची शान गेली नाही. अताउल्ला आणि हंसपतराय या दोघांची नावे त्या वास्तूच्या घडणीशी जोडलेली आहेत. आजही सर्व जातिधर्मांची कुटुंबे तो पाहायला येतात.

कबरीवर इमारत असावी का, याबद्दल मुस्लिम समाजात मतभेद आहेत. कबर मातीची आणि साधी असावी, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. त्यामुळे कादरी यांच्या वास्तूकडे पाहताना एखाद्या दीनदार माणसाच्या मनात प्रश्न उभा राहिला, तर ते स्वाभाविक आहे. पण ही गोष्ट त्या इमारतीपाशी संपत नाही. तिचा खरा अर्थ पुढे आहे.

सरकार दारात आले तेव्हा

पोस्टमास्तरांच्या ताजमहालाची चर्चा राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. इमारत पूर्ण करण्यासाठी मदतीचा हात पुढे आला. तेव्हा ऐंशीच्या घरात असलेल्या कादरी यांनी सांगितले, की हे घरचे काम आहे, ते मी पाहीन. सरकारला द्यायचेच असेल, तर गावातल्या मुलींच्या शाळेला द्यावे. त्या शाळेसाठी त्यांनी स्वतःची जमीन दिलेली होती.

संगमरवर समोर आलेला असताना त्यांनी शाळा मागितली. हा निर्णय किती मोठा होता, हे समजण्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक प्रसिद्ध शिकवण आठवावी लागते. माणूस गेला, की त्याच्या कर्मांची वही बंद होते, पण तीन खाती चालू राहतात, असा तिचा आशय आहे. पहिले सदका-ए-जारियाचे, म्हणजे देणारा गेल्यावरही ज्याचा लोकांना उपयोग होत राहतो अशा दानाचे; विहीर, झाड, मुसाफिरखाना ही त्याची जुनी उदाहरणे. दुसरे लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाचे. आणि तिसरे आई-वडिलांसाठी दुआ करणाऱ्या नेक संततीचे.

तजम्मुली बेगम यांची खंत या तिसऱ्या खात्याची होती. ते खाते या जोडप्याच्या नशिबी नव्हते. शाळेला जमीन देऊन कादरी यांनी पहिली दोन उघडली. ज्या घरात एकही मूल खेळले नाही, त्या घरची जमीन गावातल्या मुलींच्या पायाखाली आली. त्या मुली शिकतील, त्यांची मुले शिकतील, आणि या दोघांच्या वहीत जमा होत राहील. पत्नीला दिलेले वचन पाळण्याचा यापेक्षा चांगला मार्ग कोणता?

2018 च्या नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर एका वाहनाची धडक बसून कादरी गेले. वयाची त्र्याऐंशी वर्षे झाली होती. राखून ठेवलेल्या जागेत, बेगमसाहेबांच्या शेजारी त्यांना दफन करण्यात आले.

प्रत्येक गल्लीतले पोस्टमास्तर

निवृत्तीनंतर प्रत्येकाने घुमट बांधायला हवा, असे नाही. कादरी यांच्याकडून घ्यायचे ते इतकेच, की काम मनापासूनचे असावे, अंथरूण पाहून असावे आणि त्याची एखादी फांदी कुंपणाबाहेर जावी. छंद आधी आपल्यासाठीच असतो, आणि त्यात गैर काही नाही. सकाळी उठायला कारण मिळते, हात गुंततात, घरच्यांवरची चिडचिड कमी होते. पण त्यातले थोडे दुसऱ्याच्या ओंजळीत पडले, की त्याच छंदाचा सदका होतो.

रमजानमध्ये मशिदीच्या कोपऱ्यात पांढऱ्या दाढीची मंडळी बोट ठेवून कुरआनचे उच्चार नव्याने शिकताना दिसतात. नोकरीच्या घाईत राहून गेलेले काम ते आता करतात. त्यांच्यातल्याच एखाद्याने मोहल्ल्यातल्या दोन मुलांना गणित शिकवले, तर? गोधडी शिवणाऱ्या आजीने यंदा एक गोधडी जास्त शिवली, तर? बागेचे वेड असणाऱ्याने घरच्या कुंड्यांबरोबर स्मशानाच्या किंवा कब्रस्तानच्या वाटेवर एक लिंब लावला, तर? जुन्या गावाच्या आठवणी लिहिणाऱ्या निवृत्त तलाठ्याने आटलेल्या विहिरींची यादी त्याच वहीत केली, तर? यातल्या कशालाही धर्म विचारावा लागत नाही, आणि बँकेत जावे लागत नाही.

काम पुरे होईल का, ही भीती या वयात असतेच. त्यावरही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हातात रोप असेल आणि कयामत समोर येऊन ठेपली असेल, तरी जमल्यास ते लावून टाकावे, असे त्यांनी सांगितले. सावली कुणाला मिळेल, हे लावणाऱ्याने पाहायचे नसते. कसेर कलांचा घुमट पोस्टमास्तरांच्या हयातीत संगमरवराशिवायच राहिला. शाळेला दिलेली जमीन मात्र त्यांच्या वहीत कायमची जमा झाली.

जकातीचा आकडा निघाला, की वडीलधारे वही मिटतात आणि इफ्तारच्या तयारीला लागतात. यंदा वही मिटण्याआधी एक कोरे पान उलटून पाहायला हरकत नाही. किती शिल्लक आहे, हे कुणालाच ठाऊक नसते. ती कुठे लावायची, हे मात्र आजच ठरवता येते.