अन्न वाहणाऱ्यांचे देणे

पौडाहून ताम्हिणी घाटाच्या दिशेने निघाले म्हणजे मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठाने उपाहारगृहांच्या पाट्या दृष्टीस पडू लागतात. पावसाळ्यात पुणेकरांच्या मोटारींची तेथे रीघ लागते. गरम भजी, पिठले-भाकरी, आणि समोर पसरलेले पाणी! या पाण्याखाली आंबेमोहर पिकविणारी भातखाचरे होती, हे भजी खाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल रोजी, येथील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. पण धरण व्हायचे ते झालेच. येथले पाणी आजही सह्याद्रीपलीकडे भिऱ्यास जाते आणि त्यावर निपजणारी वीज मुंबईच्या कामी येते.

ज्या भूमीवर आपला धंदा चालतो तिला व्यापाऱ्याने काय परत द्यावे, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस या रस्त्यावर वारंवार सुचतो. सरकारने त्याचे एक उत्तर देऊन ठेविले आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाप्रमाणे, ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा अधिक असेल तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेकडा दोन समाजकार्यास लाविले पाहिजेत. मोठ्या उपाहारगृह-कंपन्याही त्यातून सुटत नाहीत. कायद्याने द्यावे लागते म्हणून आम्ही त्या देण्यास नावे ठेवीत नाही; आपल्या शास्त्रकारांनीही गृहस्थास पंचमहायज्ञ नेमूनच दिले, ते त्याच्या लहरीवर सोडिले नाहीत. परंतु कलम नसताना, शेकडेवारी नसताना अन्नाच्या धंद्यातून गावाचे ऋण फेडणारी मंडळी याच मुळशी-मावळातून निघाली. त्यांची हकीकत वाचकभगिनींस अगदीच अपरिचित नसेल, कारण मुंबईत त्यांच्यातील कित्येकींच्या दारी ती रोज सकाळी येऊन उभी राहत असे.

आम्ही मुंबईच्या डबेवाल्यांविषयी बोलत आहोत. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर हा सारा डोंगरपट्टा. पाऊस अपार, पण पीक एक भाताचे. दिवाळीनंतर तरण्या माणसाने करावे काय? १८९०च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा धंदा सुरू केला आणि या पट्ट्यातील माणसे त्यात शिरली. धंदा चालला याचे श्रेय थोडे आपल्या सोवळ्यासही द्यावे लागेल. परान्न वर्ज्य मानणारी कुटुंबे त्या काळी आपल्यात थोडी नव्हती. खाणावळीतला भात चालत नसे, पण घरच्या भाताचा डबा मावळ्याच्या डोक्यावरून आलेला चालत असे! आज हे लिहिताना थोडे हसू येते, आणि थोडी लाजही वाटते.

पुढे १९५६ साली त्यांची संस्था 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स' या नावाने विश्वस्त निधी म्हणून नोंदली गेली. येथे कोणी शेठ नाही व कोणी नोकर नाही. मुकादमाच्या हाताखाली टोळी असते आणि टोळीतील कमाई सारखी वाटून घेतली जाते. करोनापूर्वी सुमारे पाच हजार माणसे दीड-दोन लाख डबे रोज नेत व रिकामे परत आणीत. पत्ता म्हणून डब्याच्या झाकणावर रंगीत अक्षरे आणि आकडे तेवढे. इंग्लंडच्या युवराजाने २००३ साली चर्चगेट स्थानकावर त्यांची भेट घेतली, त्याचे वर्तमानपत्रांतून फारच कौतुक झाले. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती त्यांची धर्मशाळा.

ही मंडळी बहुतेक वारकरी. वर्गणीच्या पैशातून त्यांनी आळंदी, जेजुरी, भीमाशंकर अशा क्षेत्री धर्मशाळा उभारल्या. दुसऱ्यांच्या भोजनाची ओझी वाहणाऱ्याने वाटसरूच्या निवाऱ्याची चिंता करावी, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते. शिवाय चैत्रात गावोगावच्या यात्रा भरतात तेव्हा सारे डबेवाले काही दिवस काम बंद ठेवून गावी परततात. मुंबईच्या गृहिणी त्या आठवड्यात कुरकुर करितात, पण त्याच आठवड्यात देवळाच्या शिखराची, पालखीची, गावजेवणाची पट्टी गोळा होते. २०१५ साली त्यांच्यातील काहींनी 'रोटी बँक' काढून लग्नसमारंभांतील उरलेले चांगले अन्न रस्त्यावरील भुकेल्यांस पोहोचविण्यास आरंभ केला. दिवसभर डबे वाहून पुन्हा रात्री हे काम! ज्यांच्या घरी मंगल कार्यानंतर भाताची पातेली उकिरड्यावर रिती होतात त्यांनी याचा विचार करावा.

मार्च २०२० मध्ये आगगाड्या थांबल्या आणि कचेऱ्यांस कुलुपे लागली, तेव्हा मात्र देण्याघेण्याची दिशा उलटली. डबेवाले गावी आले. ज्या गावास त्यांनी आजवर पट्टी दिली त्या गावाने त्यांस पोसले. धरणाने खाऊन उरलेली जी खाचरे होती ती त्या वर्षी कामास आली. शंभरएक वर्षे मुंबईच्या पैशावर गावे तगतात असे आम्ही समजत होतो. त्या आषाढात हिशेबाची दुसरी बाजू दिसली. पुढे गाड्या सुरू झाल्या, पण घरी बसून कचेरीचे काम करणाऱ्यास डबा कशाला हवा? परत गेलेल्यांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच कमी भरली. कोणी रखवालदार झाले, कोणी मालवाहू रिक्षा घेतली, आणि काठावरच्या त्या उपाहारगृहांतून ताटे उचलण्याचे काम करणारेही त्यात आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या साली आवणीच्या वेळी आम्हांस बांधावर भेटला. डोक्यावर तीच पांढरी टोपी. घरी नेऊन त्याने चहा दिला, तेव्हा फळीवर दोन डबे घासूनपुसून ठेविलेले दिसले. शेवटच्या दिवशी परतीची फेरी अर्धवट राहिली, त्यातले ते गिऱ्हाइकांचे डबे. "परके भांडे आहे गुरुजी, घरात वापरायचं नाही असं बायकोला बजावलंय," तो म्हणाला. पुढल्या वर्षी तो मुंबईस गेला तेव्हा पहिल्या प्रथम ते दोन डबे घेऊन दादरच्या त्या घरांचे जिने चढला. एका घरी डबा घेतला आणि काम पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या घरास कुलूप होते. तो डबा अजून त्याच्या फळीवर आहे.