चार पर्याय, चार प्रश्न

शिष्यवृत्ती परीक्षेच्या धर्तीवरचे एक उदाहरण घेऊ. एका शाळेतील मुलगे व मुली यांच्या संख्यांचे गुणोत्तर ३ : ५ आहे, तर मुलग्यांची संख्या मुलींच्या संख्येपेक्षा शेकडा कितीने कमी आहे? पर्याय: (१) २५ (२) ४० (३) ६० (४) ६६ २/३.

शाळेत एकूण विद्यार्थी किती हे दिलेले नाही, म्हणून काही जण सुरुवातीलाच अडतात. खरे तर त्याची गरज नाही. मुलगे ३ भाग, मुली ५ भाग, एकूण ८ भाग आणि फरक २ भाग, एवढे पुरे. आता हा फरक कशाशी ताडून पाहायचा? मुलींशी ताडला तर ५ पैकी २, म्हणजे शेकडा ४०. मुलग्यांशी ताडला तर ३ पैकी २, म्हणजे ६६ २/३. साऱ्या शाळेशी ताडला तर ८ पैकी २, म्हणजे २५. आणि फरक बाजूला ठेवून मुलगेच मुलींशी ताडले तर ५ पैकी ३, म्हणजे ६०.

गंमत अशी, की हिशेब म्हणून चारही पर्याय बरोबर आहेत. फक्त प्रत्येक पर्याय वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ४० हे एकच. येथे विद्यार्थ्याचा गुणाकार-भागाकार चुकत नाही, पाया चुकतो. टक्का नेहमी कशाचा तरी असतो. मराठी वाक्यात त्याची खूणही सापडते: तुलना असेल तेथे ज्या शब्दाला ‘पेक्षा’ लागले, तो पाया.

काही उदाहरणांत पायाच बदलतो. सांगली, तासगाव भागात द्राक्षे सुकवून बेदाणा करतात. समजा, द्राक्षांत ८३ टक्के व बेदाण्यात १५ टक्के पाणी आहे. १०० किलो द्राक्षांपासून बेदाणा किती मिळेल? ८३ मधून १५ वजा केले की ६८ किलो पाणी उडाले, म्हणून बेदाणा ३२ किलो, असे चटकन म्हणावेसे वाटते. परंतु ८३ टक्के हे द्राक्षांच्या वजनाचे आहेत आणि १५ टक्के बेदाण्याच्या. पाये वेगळे असलेल्या टक्क्यांची वजाबाकी करता येत नाही.

अशा वेळी न बदलणारी गोष्ट शोधावी. पाणी उडते, घन भाग तेवढाच राहतो. १०० किलो द्राक्षांत तो १७ किलो आहे. बेदाण्यात तो शेकडा ८५ असतो. ८५ किलो घन भागामागे १०० किलो बेदाणा, तर १७ किलोमागे २० किलो. ३२ किलोच्या हिशेबावर विसंबून जो शेतकरी खर्चाची बांधणी करील, त्याचा माल १२ किलोंनी कमी भरेल.

ही मांडणी म्हणजे आपले जुने त्रैराशिकच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) त्याच्या तीन राशींना प्रमाण, फल व इच्छा म्हटले आहे. प्रमाण व इच्छा या राशी एकाच जातीच्या असाव्यात, ही त्यातील अट. वरील उदाहरणात ८५ हे प्रमाण व १७ ही इच्छा. दोन्ही घन भागाचेच किलो आहेत. आधी जात ओळखायची, आकडेमोड नंतर.

वर्गात याचा सराव सोपा आहे. आकडे झाकून उदाहरण फळ्यावर लिहावे आणि ‘कशाचे टक्के?’ एवढेच विचारावे. उत्तर काढून झाल्यावर उरलेले तीन पर्याय सोडून देऊ नयेत. प्रत्येक पर्याय कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरेल, ते मुलांकडून वदवून घ्यावे. कोण कोठे घसरतो हे त्यातून शिक्षकांनाही कळते.

परीक्षेत चुकले तर गुण जातात. पण कर्जाचा दर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर जातो, तेव्हा ही वाढ २ टक्क्यांची म्हणावी की २५ टक्क्यांची, हे ठरवताना समोर चार पर्याय छापलेले नसतात. तेथे ‘कशाचे?’ हा प्रश्न आपला आपणच विचारावा लागतो.