ट्रॅकसाठी गाडी: सात लाखांची की अडीच कोटींची?

शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त रस्ता दिवसभर भाड्याने घेऊन हौशी चालकांना आपापली गाडी पूर्ण ताकदीने पळवू देतात, त्या कार्यक्रमाला ट्रॅक डे म्हणतात. त्यात नंबर काढले जात नाहीत आणि बक्षीसही नसते. चालकांचे अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या मिळतात. हेल्मेट सक्तीचे असते. समोरून वाहन येत नाही, मध्येच म्हैस आडवी जात नाही, आणि चूक झालीच तर बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला मोकळी जागा असते. वेगाची हौस भागवण्याची भारतातली कायदेशीर जागा हीच. समृद्धी महामार्गावरही मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ती योग्यच आहे.

परभणी जिल्ह्यातून पाहिले तर ही जागा लांब पडते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० च्या सुमारास सुरू झालेला मद्रासचा ट्रॅक सुमारे हजार किलोमीटरवर आहे. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि दिल्लीलगतचा बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट त्याहूनही दूर. पुण्याच्या बाजूला तळेगाव परिसरात नानोली स्पीडवे झाल्यापासून मराठवाड्यातल्या हौशी चालकाला चारशे किलोमीटरच्या आसपास एक सोय झाली आहे. गाडी कोणती घ्यावी या प्रश्नाचे निम्मे उत्तर या अंतरातच आहे. ट्रॅकवर दिवसभर पिळून काढलेली गाडी संध्याकाळी चालवत घरी आणायची असते. तसे नको असेल तर जाता-येता ती ट्रकवर लादायची, आणि ते भाडेही हिशेबात धरायचे.

किमतीची दोन टोके अशी आहेत. एका टोकाला मारुती स्विफ्ट किंवा जुन्या बाजारातली फोक्सवॅगन पोलो. दुसऱ्या टोकाला पोर्शे ९११ जीटी-३: चार लिटरचे इंजिन, सुमारे ५१० अश्वशक्ती, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढणारे. तिची शोरूममधली किंमत अडीच कोटींच्या पुढे जाते. महाराष्ट्रात वाहनकराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. इतक्या महाग गाडीला तो कर जवळपास मर्यादेपर्यंतच भरावा लागतो. म्हणजे एमएच-२२ ची पाटी लावण्यासाठी द्यायच्या करातच नवी स्विफ्ट, टायरचे कित्येक संच आणि काही वर्षांचे ट्रॅकशुल्क निघते.

तरीही ट्रॅकवर खरेदीची किंमत हा दुय्यम खर्च ठरतो. ट्रॅक खातो ते ब्रेक आणि टायर, आणि किती खाणार हे वजन व वेग ठरवतात. धावत्या गाडीची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. चालकासह हजार किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणताना ब्रेकना सुमारे ६ लाख ज्यूल उष्णता पचवावी लागते. दीड हजार किलोची गाडी २०० वरून ६० वर आणताना हाच आकडा २१ लाखांवर जातो. एकाच वळणाच्या तोंडाशी साडेतीन पट उष्णता, तीही दर फेरीला. महागड्या गाडीच्या डिस्क मोठ्या असतात, त्यांना हवा खेळती ठेवणारे मार्ग असतात, ते याच कारणासाठी. पण त्या बदलायची वेळ आली की बिलही त्याच मापाचे येते. स्विफ्टचे पॅड परभणीत किंवा फार तर नांदेडला सहज मिळतात आणि कोणताही चांगला मेकॅनिक ते बसवतो.

साध्या गाडीला ट्रॅकवर सर्वांत आधी दगा देते ते ब्रेक ऑइल. डॉट-३ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट-४ चे २३० ला. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की उत्कलनबिंदू अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. पाच-सहा फेऱ्या जोरात झाल्या की नळ्यांत वाफेचे बुडबुडे धरतात, पेडल मऊ पडते आणि पाय आत जात राहतो. बुडबुडा दाबला जातो, पण ब्रेकवर दाब पोहोचवत नाही. त्यामुळे ट्रॅकला निघण्याआधी ताजे डॉट-४ किंवा डॉट-५.१ भरून घेणे, ही साध्या गाडीवर करायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची दुरुस्ती. त्यानंतर उष्णता सोसणारे पॅड, मग चांगले टायर. इंजिनाची ताकद वाढवायचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. बहुतेक हौशी चालक नेमका उलटा क्रम लावतात आणि पैसे वाया घालवतात.

पाळी संपताना शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक गार करायचे असतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड डिस्कवर दाबून राहतात आणि धातू एकाच जागी तापत राहतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली उटी लावायची. मग टायरची हवा पाहायची. सकाळी ३२ पीएसआय भरलेला टायर पाळीनंतर ४० च्या घरात गेलेला सापडतो. टेकणारा भाग फुगून पकड कमी होते, म्हणून हवा सोडून ती ताळ्यावर आणायची, आणि घरी निघण्याआधी पुन्हा भरायची. गाडी सात लाखांची असो वा अडीच कोटींची, ही कामे चुकत नाहीत.

महाग गाडीची बाजू खरी कुठे उभी राहते, हेही स्पष्ट सांगायला हवे. जीटी-३ सारखी गाडी कारखान्यातूनच ट्रॅकच्या विचाराने बाहेर पडते. वळणावर तेल एका बाजूला सरकले तरी इंजिनाला त्याचा पुरवठा तुटत नाही, आणि थंड करण्याची व्यवस्था लागोपाठच्या पाळ्या झेपतील अशीच असते. छोट्या टर्बो गाडीचे तसे नसते. उन्हाच्या दिवशी आत जाणारी हवा तापते आणि इंजिन स्वतःला जपण्यासाठी ताकद कमी करते. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या पुढचा पारा पाहिलेल्या परभणीकराला हे वेगळे सांगायला नको.

कोणता ट्रॅक, यावरही बरेच अवलंबून आहे. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आणि त्याचा सर्वांत लांब सरळ पट्टा किलोमीटरहून अधिक. मोठ्या इंजिनाला पाय पसरायला तिथे जागा मिळते. कारी स्पीडवे जेमतेम २.१ किलोमीटरचा. तिथे ५०० अश्वशक्तीची गाडी वेग पकडते न पकडते तोच वळण येते, आणि हलकी गाडी नेमकेपणाने चालवणारा माणूस तिच्या मागे चिकटून राहतो.

भारतीय शर्यतींचा इतिहासही हलक्या, स्वस्त गाडीच्या बाजूने साक्ष देतो. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन बसवून एका आसनाची शर्यतीची गाडी बनवली. कारी स्पीडवेला त्यांचेच नाव आहे. मारुती इंजिनांच्या अशा गाड्यांच्या वर्गाला पुढे फॉर्म्युला मारुती म्हणू लागले. फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले नारायण कार्तिकेयन आणि करुण चंधोक, हे दोन्ही भारतीय चालक सुरुवातीला याच वर्गात धावले. परदेशातही १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ ने तेच दाखवले. सुमारे ९५० किलो वजन, १.६ लिटरचे साधे इंजिन, आणि तरी जगभरच्या ट्रॅकवर तिची गर्दी.

महाराष्ट्रात तयार झालेले मधले पर्यायही आहेत. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पोलोची शर्यतमालिका भारतात सुरू केली. ही पोलो चाकणला बनत असे. तिचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, पण जुन्या बाजारात तिची जीटी टीएसआय आवृत्ती आजही मिळते आणि तिचे सुटे भागही मिळतात. मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळची गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा कारखान्यात जुळवलेली पहिली आरएस २००४ मध्ये आली, १.८ लिटर टर्बो आणि १५० अश्वशक्तीची. २०१७ ची २३० अश्वशक्तीची आवृत्ती पंचवीस लाखांच्या आत होती. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या २०० गाड्या थेट आयात झाल्या आणि किंमत ३६ लाखांवर गेली. अश्वशक्ती वाढली पंधरा, किंमत वाढली अकरा लाखांहून अधिक. ट्रॅकचा विचार करणाऱ्याने यातली जुनी, धडधाकट २३० निवडणे शहाणपणाचे.

सर्वांत मोठा मुद्दा विम्याचा आहे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. त्यामुळे ट्रॅकवर गाडी आदळली तर नुकसान मालकाच्या खिशातून जाते, असे धरूनच चालावे. जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगवर तर मोडलेल्या कठड्याचे बिलही चालकाला देतात. जी गाडी मोडली तर घर हलेल, ती गाडी माणूस भीत भीत चालवतो. ब्रेक लवकर दाबतो, वळणावर ग्रिप शिल्लक ठेवतो, आणि शिकायचे राहून जाते. मागचे चाक घसरायला लागले की स्टिअरिंग कसे सावरायचे, हे कमी वेगात घसरणारी हलकी गाडी पुन्हा पुन्हा शिकवते. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत तेच घडते तेव्हा वेग फार असतो आणि सावरायला क्षणभरच मिळतो.

घरापर्यंतचा रस्ताही विसरून चालत नाही. भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची दहा सेंटीमीटर. जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या वाटेवर मानकाबाहेरचे गतिरोधक भेटतात. स्विफ्टचे पोट जमिनीपासून सोळा सेंटीमीटर वर असते, जीटी-३ चे केवळ दहाच्या आसपास.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षे हलकी, निरोगी, साधी गाडी घ्यावी. स्वतःच्या फेरीची वेळ सातत्याने एका सेकंदाच्या आत राहू लागली, ब्रेक आणि टायर चांगले असूनही गाडीच कमी पडते आहे असे सोबतच्या प्रशिक्षकाचेही मत झाले, आणि मोठ्या गाडीचे नुकसान सोसण्याची ऐपत असली, तर वरच्या गाडीचा विचार करायला हरकत नाही. वर्षातून एक-दोनदाच जमणार असेल तर गाडी विकतच घेऊ नये. चेन्नई-कोइंबतूरच्या प्रशिक्षण शाळा आपल्याच फॉर्म्युला गाड्यांवर शिकवतात. रेल्वेने जाऊन, शाळेची गाडी शाळेच्याच टायरवर चालवून परत यावे. नुकसानभरपाईची अट किती रकमेची आहे, हे मात्र सही करण्याआधी वाचून घ्यावे.