मराठी मजकूर आणि न टिकणारा फॉन्ट

शब्दसंस्कारकात, म्हणजे वर्ड किंवा लिबरऑफिससारख्या मजकूर लिहिण्याच्या प्रणालीत, कोरी फाइल उघडताच जो फॉन्ट आपोआप पुढे येतो त्याला डीफॉल्ट फॉन्ट म्हणतात. तो एकदा ठरवून दिला की पुन्हा बदलू नये अशी वापरणाऱ्याची साधी अपेक्षा असते, पण मराठीत ती वारंवार मोडते. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी तहसील, पंचायत समिती, शाळा आणि सेवा केंद्रे यांचा बहुतेक लेखी व्यवहार मराठीत चालतो, आणि एकच फाइल टायपिंगच्या दुकानातून कार्यालयात, तिथून अमरावतीला आणि तिथून छापखान्यात जाते. अशा ठिकाणी ‘फॉन्ट उडाला’, ‘जोडाक्षरे तुटली’, ‘नुसते चौकोन आले’ या तक्रारी रोजच्या असतात. या तिन्ही तक्रारींना लोक एकाच दुखण्याची नावे समजतात आणि तिन्हींवर फॉन्ट बदलून पाहण्याचा एकच उपाय करतात. वस्तुतः त्यांची मुळे वेगवेगळी आहेत, आणि कोणते मूळ आहे हे ओळखल्याशिवाय केलेला फॉन्टबदल पुष्कळदा दुखणे वाढवतो.

पहिले मूळ मजकुराच्या साठवणीत आहे. शिवाजी, किरण, कृती देव, श्रीलिपीचे फॉन्ट किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीबरोबरचा सुरेख, अशा जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे ही फक्त चित्रे होती. संगणकाच्या स्मृतीत जे साठत होते ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक होते. कृती देवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात इ, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे जातात. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे तीच अक्षरे उघडी पडतात, आणि वाचणाऱ्याला फाइल बिघडली असे वाटते. अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर हे महानुभावांचे श्रद्धास्थान आहे, आणि त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येई आणि किल्ली ठाऊक असलेल्यालाच वाचता येई. जुन्या फॉन्टांची गत तीच झाली. फरक इतकाच की तिथे किल्ली हेतुपुरस्सर लपवलेली होती आणि इथे ती प्रत्येक कंपनीने आपापली वेगळी घडवल्यामुळे हरवली.

एका फॉन्टची फाइल दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडली की रोमन अक्षरेही दिसत नाहीत, तर अर्थहीन देवनागरी दिसते, आणि हा प्रकार अधिक फसवा असतो. या पद्धतीत फॉन्ट हाच लिपीचा आधार असल्यामुळे डीफॉल्ट फॉन्ट पालटणे म्हणजे मजकूरच पालटणे होते. उलट बाजूने, ज्या यंत्रावर कृती देव हाच डीफॉल्ट करून ठेवलेला असतो तिथे इंग्रजी पत्ता किंवा ईमेल लिहायला घेतला की देवनागरीचा गुंता उमटतो.

युनिकोडने ही व्यवस्था मोडली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला, आणि त्याची मांडणी भारताच्या स्वतःच्या इस्की या संकेतप्रणालीवर आधारलेली होती. आता ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही लावला तरी तो ‘म’च राहतो, फक्त त्याचे वळण बदलते. तरीही घरोघरच्या संगणकावर ही सोय यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. तो सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतील प्राध्यापक र. कृ. जोशी यांच्या हातचा. पण त्यानंतरच्या विंडोज एक्सपीतही देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा आधार वेगळी खूण करून आणि बहुधा मूळ सीडी घालून बसवावा लागे. तालुक्याच्या गावात ती सीडी दुकानदाराकडे असेलच असे नव्हते, आणि टंकलेखनाच्या परीक्षांमुळे हात रेमिंग्टन यंत्राच्या कळांना सरावलेले होते. त्यामुळे त्याच कळांवर चालणाऱ्या कृती देवचा मुक्काम लांबला याचे नवल वाटू नये, आणि त्यासाठी टंकलेखकांना दोष देणे तर मुळीच बरोबर नाही.

दुसरे मूळ वर्डच्या रचनेत आहे आणि मजकूर युनिकोडमध्ये असतानाही ते त्रास देते. वर्ड मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी एकच फॉन्ट नोंदवत नाही. लॅटिन अक्षरांसाठी वेगळा, पूर्व आशियाई लिप्यांसाठी वेगळा आणि अरबी, थाई, देवनागरी यांसारख्या ‘जटिल’ ठरवलेल्या लिप्यांसाठी वेगळा असे कप्पे ठेवतो, आणि आकाराचा आकडा व ठळकपणाही जटिल लिपीसाठी निराळा लिहून ठेवतो. वापरणारा फॉन्टच्या खिडकीत वरचा कप्पा बदलून ‘डीफॉल्ट करा’ हे बटण दाबतो, तेव्हा बदलते ते इंग्रजी. मराठी होती तशीच राहते. यामुळेच २००७ मध्ये टाइम्स न्यू रोमनच्या जागी कॅलिब्री आला, आणि २०२३ नंतर कॅलिब्रीची जागा ॲप्टॉसने घेतली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली, पण नांदगाव खंडेश्वरच्या एखाद्या अर्जातील मराठी ओळीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. या तिन्ही फॉन्टांत देवनागरीचे एकही अक्षर नाही.

याहून अडचणीची गोष्ट अशी की जटिल लिपीचा कप्पा काही यंत्रांवर दिसतच नाही. ऑफिसच्या भाषाविषयक पसंतींत मराठी किंवा हिंदी ही लेखनभाषा म्हणून जोडलेली नसेल तर फॉन्टच्या खिडकीतला तो भाग लपलेला राहतो, आणि वर्ड देवनागरीसाठी स्वतःच्या अंदाजाने फॉन्ट निवडतो. म्हणून दुरुस्तीची सुरुवात फॉन्टच्या यादीतून न करता भाषेच्या यादीतून करावी लागते: प्रथम मराठी जोडायची, प्रणाली बंद करून पुन्हा उघडायची, मग जटिल लिपीच्या कप्प्यात हवा तो फॉन्ट आणि आकार भरायचा, आणि ‘डीफॉल्ट करा’ म्हटल्यावर येणाऱ्या प्रश्नाला ‘नॉर्मल साच्यावरच्या सर्व फाइली’ असे उत्तर द्यायचे. ‘फक्त हीच फाइल’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि घाईत तोच स्वीकारला जातो. दुसऱ्या दिवशी सेटिंग उडाल्याच्या कित्येक तक्रारींच्या मागे एवढेच कारण असते.

नॉर्मल साचा ही वापरणाऱ्याच्या खात्यात लपलेली एक छोटी फाइल आहे आणि प्रत्येक कोरा कागद तिच्यावरून निघतो. दुकानातल्या एकाच संगणकावर दोन खाती असतील तर साचेही दोन असतात. साचा केवळ-वाचनीय झाला असेल तर बदल साठत नाही. आणि तो बिघडला असेल तर वर्ड बंद करून त्याचे नाव बदलणे हा खात्रीचा उपाय आहे, कारण पुढच्या वेळी वर्ड नवा साचा स्वतः तयार करतो. जुन्या टंकलेखन प्रणाली कधी कधी स्वतःचा साचा वर्डच्या आरंभ-फोल्डरमध्ये ठेवतात, तिकडेही एकदा पाहावे. लिबरऑफिसमध्ये ही विभागणी अधिक उघड आहे: पाश्चात्त्य लिप्यांचे मूळ फॉन्ट आणि जटिल लिप्यांचे मूळ फॉन्ट अशी दोन वेगळी पाने पर्यायांत दिसतात, अर्थात भाषेच्या पानावर जटिल लिपीची खूण केलेली असेल तरच.

तिसरे मूळ फॉन्टच्या अनुपस्थितीत आहे. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट मूळ संचातून निघून ‘देवनागरी पूरक फॉन्ट’ या ऐच्छिक संचात गेले आणि मूळ संचात निर्मला यूआय राहिला. परिणामी जुन्या यंत्रावर मंगलमध्ये केलेली फाइल नव्या यंत्रावर उघडली की वरच्या चौकटीत नाव मंगलचेच दिसते, पण डोळ्यांपुढे दुसऱ्याच फॉन्टची अक्षरे असतात. ओळींची लांबी बदलते, एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर उतरतो आणि सहीची जागा एकटी पडते. अशा वेळी ओळींमधील अंतर ‘नेमके’ करून मजकूर पानात कोंबण्याचा प्रयत्न होतो, आणि त्यात रफार, वेलांट्या व अनुस्वार वरून, तर उकार खालून कापले जातात. पूरक संच बसवणे किंवा फाइल साठवताना फॉन्ट तिच्यातच अंतर्भूत करणे हे सरळ उपाय आहेत, जरी दुसऱ्या उपायाला फॉन्टच्या परवान्याची संमती लागते. आणि पुढे दुरुस्ती व्हायची नसेल तर पीडीएफ उत्तम.

हे सर्व जमल्यावरही मराठीची म्हणून काही खास अडचण उरते, कारण देवनागरी फॉन्ट बनवणाऱ्यांच्या नजरेसमोर बहुधा हिंदी असते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची मान्य रूपे आहेत. खंडेश्वर लिहिताना श कोणत्या वळणाचा उमटेल हे मात्र पुष्कळदा फॉन्टइतकेच मजकुराच्या भाषेच्या नोंदीवर ठरते: नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही रूपे असतात, आणि लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच मराठी रूपे पुढे येतात. भाषा हिंदी राहिली तर फॉन्ट योग्य असूनही अक्षर परके दिसते. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्ता हा खुल्या परवान्याचा फॉन्ट कार्यालयीन मजकुराला निश्चित बरा आहे, आणि मंगलला केवळ सवयीने चिकटून राहण्याचे आता कारण उरलेले नाही.

‘ऱ’ची गोष्ट याहून नाजूक आहे. वऱ्हाड, शेतकऱ्यांना, सातबाऱ्यावर, कर्मचाऱ्यांचे असे शब्द ज्या भागात प्रत्येक अर्जात येतात, तिथे हा अर्धा र दोन प्रकारांनी साठवलेला सापडतो: एक, नुक्त्याच्या ऱ पुढे हलन्त देऊन, आणि दुसरा, साध्या र पुढे हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ सापडेलच अशी खात्री नसते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ साठी शिफ्टसह जे ही कळ आहे आणि पहिला प्रकार तिच्यातून सहज साधतो, म्हणून एका कार्यालयातल्या सर्वांनी तोच पाळणे सोयीचे.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणताना हेच शब्द पुन्हा तपासावे लागतात. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठत, म्हणजे ‘कि’मधली पहिली वेलांटी आधी आणि क नंतर, तर रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्याही नंतर; युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चाराचा असतो. रूपांतर करणारी प्रणाली हा क्रम उलटवते, पण ‘कार्यवाही’सारख्या शब्दातला रफार, जोडाक्षराच्या अलीकडची वेलांटी आणि ‘ऱ्य’ या तीन ठिकाणी ती वारंवार चुकते. म्हणून ग्रामपंचायतीचे जुने ठराव किंवा शाळेची जुनी पत्रे रूपांतरित करायची असतील तर मूळ फाइल तिच्या मूळ फॉन्टसह जपून ठेवावी, तिची एक छापील प्रत काढावी, आणि निदान माणसांची व गावांची नावे, गटक्रमांक आणि तारखा त्या छापील प्रतीशी शब्दागणिक ताडून पाहाव्यात.