परतीची नदी

ख्रिस मॅककँडलेस हा २४ वर्षांचा अमेरिकन तरुण एप्रिल १९९२मध्ये अलास्काच्या रानात एकटाच शिरला. सोबत थोडा तांदूळ, एक बंदूक आणि पुस्तकं. सविस्तर नकाशा नव्हता. जाताना टेकलानिका नदी त्याने पायीच ओलांडली. जुलैत परत निघाला, तर तीच नदी दुथडी भरून वाहत होती. तिथे भर उन्हाळ्यात हिमनद्या वितळतात आणि नद्या फुगतात. पावसाळी पुराची सवय असलेल्या आपल्याला हे चटकन सुचत नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, जवळच, तारेवरून हाताने ओढत पलीकडे नेणारा पाळणा होता. नकाशा असता तर ती जागा सापडली असती. नदी ओलांडता न आल्याने तो रानातच अडकला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीने गेला. त्याची रानाची ओढ खरी होती, हे मी मनापासून मानतो. पण रानात एकट्याने जायचंच असेल, तर वाटेतली नदी कधी चढते हे आधी स्थानिकांना विचारा.