आधी ओहोटी बघा, मग बस!
स्वारगेटहून एसटीने अलिबाग, तेही एका दिवसात आणि हजार-अकराशे रुपयांत

पगार झाला की गोवा, पगार संपत आला की सिंहगड! पुण्यातल्या नोकरदार पब्लिकचा वीकेंड साधारण या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. मधलं काही असतं हे कुणाला आठवतच नाही. असतं बॉस! स्वारगेटला लाल गाडीत बसायचं, दुपारी समुद्राच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि रात्री अकराच्या आत आपल्या पलंगावर पडायचं. हॉटेल नाही, गाडी काढायची नाही आणि बॉसकडे रजेसाठी तोंड वेंगाडणंही नाही.

फक्त एक अट आहे. अशा ट्रिपचं प्लॅनिंग आपण नेहमी उलटं करतो. म्हणजे आधी दिवस ठरतो (रविवार, दुसरं काय!), मग ग्रुपवर चाळीस मेसेज पडतात, मग पहाटेची बस धरली जाते. समुद्रावर पोचल्यावर कळतं की किल्ल्यात जायची वाट पाण्याखाली आहे आणि परतीची गाडी फुल्ल. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी दोनच असतात, समुद्र आणि परतीची बस. म्हणून सुरुवात या दोघांपासून करायची. सकाळची बस सगळ्यात शेवटी!

अलिबागच का?

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, मुरूड... नावं सगळीच मोहात पाडणारी. पण मुरूड अलिबागच्याही पुढे पन्नासेक किलोमीटर. हरिहरेश्वर म्हणजे जायलाच पाच-सहा तास. जाऊन-येऊन दहा-बारा तास बसमध्ये काढायचे तर ती ट्रिप नाही, शिक्षा झाली. अलिबाग स्वारगेटपासून साधारण १४५ किलोमीटर. लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ असा रस्ता आणि ट्रॅफिकने दया दाखवली तर चार तास. म्हणजे हातात पाच-सहा तास उरतात. एका किनाऱ्याला आणि एका किल्ल्याला एवढे पुष्कळ झाले.

आणि हो, ‘अलिबाग से आया है क्या?’ हा टोमणा आठवत असेल, तर तोही इथे येऊन विसरा. हा टोमणा अपमानास्पद आहे, त्यावर बंदी घाला म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. २०१९ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. पण ज्या गावाच्या आरमाराने इंग्रज आणि पोर्तुगीजांची झोप उडवली, त्या गावाला बावळट ठरवणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यायलाच हवं!

घड्याळ नंबर एक : ओहोटी

अलिबागचा खरा हिरो आहे कुलाबा किल्ला. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी याचं बांधकाम सुरू केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच कोकण किनाऱ्यावर दरारा बसवला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले आणि हात हलवत परत गेले. किल्ला समुद्रात, पण ओहोटीला चालत जाता येतं. म्हणजे भरती असेल तर तुम्ही वाळूत बसून त्याचे फोटो काढणार आणि ओहोटी असेल तर थेट दरवाजात!

ओहोटी कधी, हे कसं कळणार? मोबाइलवर भरती-ओहोटीची अ‍ॅप्स आहेतच. पण कोकणातल्या लोकांचा जुना फंडा त्याहून झक्कास आहे आणि त्याला फक्त स्वयंपाकघरातलं कालनिर्णय लागतं. त्या दिवशीची तिथी घ्या, तीनने गुणा, चारने भागा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच.

उदाहरण बघा. द्वादशी म्हणजे बारा. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, उत्तर नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे दुपारी सव्वातीनच्या सुमाराला ओहोटी. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. पहाटे साडेचारला भरती, पावणेअकराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला समुद्र सगळ्यात जास्त मागे हटतो खरा, पण तेव्हा पूर्ण भरती येते भर दुपारच्या आसपास. म्हणजे पुण्याहून जाणाऱ्याच्या काही उपयोगाची नाही!

थोडक्यात, आपल्यासाठी दोन खिडक्या आहेत. षष्ठी-सप्तमीला सकाळी उशिराची ओहोटी मिळते. बसमधून उतरलात की नाश्ता गुंडाळून सरळ किल्ला. द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन-चारची ओहोटी. तेव्हा आधी गाव, जेवण आणि मग किल्ला. महिन्यातल्या आठ-नऊ शनिवार-रविवारांमध्ये असे दोन-तीन दिवस सापडतातच. सापडले की तारखेवर गोल करा. ट्रिपचा दिवस ग्रुपने नाही, चंद्राने ठरवायचा!

मात्र हा हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय अष्टमी-नवमीच्या आसपास ‘भांग’ असते, म्हणजे ओहोटीलाही पाणी फारसं मागे जात नाही. म्हणून आदल्या दिवशी अ‍ॅपवर वेळ पडताळा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर घोडागाडीवाल्या काकांना विचारा. शेवटचा शब्द त्यांचा.

घड्याळ नंबर दोन : परतीची गाडी

आता दुसरी वेळ. अलिबागहून पुण्याला थेट येणाऱ्या संध्याकाळच्या गाड्या एसटीच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर बघा आणि जाण्याच्या आधी परतीचं रिझर्व्हेशन करा. सकाळी स्वारगेटला गाडी चुकली तर फार तर घरी जाऊन झोपाल, संध्याकाळी अलिबागला चुकली तर लॉज शोधावा लागेल आणि बजेटचे बारा वाजतील.

पाच-साडेपाचच्या आसपासची गाडी मिळाली तर उत्तम. किल्ल्यातून सव्वाचारपर्यंत किनाऱ्यावर परत आलात की स्टँड गाठायला वेळ उरतो. थेट गाडी फुल्ल असेल तर प्लॅन बी तयार ठेवा. अलिबागहून पेण किंवा पनवेलची एसटी पकडायची आणि तिथून पुण्याची गाडी. वेळ जास्त लागतो, पण माणूस घरी पोचतो.

शक्य असेल तर रविवारऐवजी शनिवार निवडा. रविवारी संध्याकाळी अख्खी मुंबई-पुणे जनता घाट चढत असते. शनिवारी परतलात तर रविवार झोपायला मोकळा!

स्वारगेट, पहाटे

आता येते सकाळची बस. साडेपाच-सहाच्या आसपास स्वारगेट सोडलंत तर दहाच्या आत अलिबाग. २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो स्वारगेटपर्यंत येते, पण ती सुरू होते सकाळी सहाला. तेव्हा जाताना रिक्षा किंवा कुणाची तरी बाइक, येताना मेट्रो, असं गणित ठेवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे याच स्टँडवर, तुझी बस दुसरीकडे लागली आहे असं सांगून एका तरुणीला उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये नेण्यात आलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. म्हणून मुलींनी घरीच बसायचं का? अजिबात नाही. स्टँड आपल्या सगळ्यांचा आहे. पण नियम पाळू या. बस कुठे लागते हे फक्त चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या कंडक्टरला विचारायचं. फलाट सोडून, अंधारात उभ्या असलेल्या गाडीकडे कुणीही बोलावलं तरी जायचं नाही. ग्रुपने भेटायची जागा उजेडातली, चौकशी खिडकीजवळची ठरवा. गरज पडली तर ११२. आणि मुलांनो, एखादी मुलगी एकटी गाडी शोधताना दिसली तर तिच्या मागे लागू नका, कंट्रोलरला सांगा!

पैशांचं काय?

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजलं जातं. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि साध्या गाडीला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडू लागले. १४५ किलोमीटर म्हणजे पंचवीस टप्पे, म्हणून एका बाजूचे अडीचशे ते पावणेतीनशे धरा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही सगळ्या प्रकारच्या गाड्यांमध्ये. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर आणखी मजा. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे फुकट!

दिवसाचा अंदाज असा :
बस जाऊन-येऊन : ५५० (मुलींना २७५)
नाश्ता, दोन चहा : १००
जेवण : २५०
किल्ल्याचं तिकीट : २५
घोडागाडी किंवा रिक्षातला वाटा : १००
पाणी, सोलकढी, सटरफटर : ७५
एकूण : ११०० (मुलींना ८२५)

खरं सांगायचं तर चार मुलं एका कारमधून गेली, तर पेट्रोल आणि टोल चौघांत वाटून खर्च जवळपास एसटीएवढाच येतो. मग एसटी कशाला? एक म्हणजे दोघंच जाणार असाल किंवा मुलींचा ग्रुप असेल तर एसटीला तोडच नाही. दुसरं म्हणजे कारमध्ये एक जण दिवसभर ड्रायव्हर असतो. तो येताना झोपू शकत नाही, त्याने झोपूही नये! एसटीत चौघंही घोरू शकतात.

अलिबागमध्ये

एसटी स्टँड गावाच्या मधोमध आहे. समुद्र पंधरा-वीस मिनिटं चालत. किहीम, नागाव, वरसोली, मांडवा असे सगळे ‘पॉइंट’ एका दिवसात करायचा मोह टाळा. दिवस एक, किनारा एक.

किल्ल्यात पाहायला बरंच आहे. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर, खाऱ्या समुद्रात असूनही गोड्या पाण्याची विहीर आणि चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावर १८४९ साल कोरलंय, ते शोधून काढा. गावात कान्होजींची समाधी आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायली लोकांचं सिनेगॉग आहे. शेकडो वर्षं मराठी बोलत आलेला हा ज्यू समाज, त्याची प्रार्थनेची जागा आहे ती, तेव्हा विचारूनच आत जा. किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून इथे आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक उपकरणं गडबडतील, म्हणून चुंबकीय मोजमाप इथे हलवलं. मुंबईच्या कुलाब्यातून निघून अलिबागच्या कुलाब्याशेजारी!

जेवणाला खानावळीत ताजा मासा कुठला ते विचारा, मेन्यूकार्ड नंतर. आधी भाव विचारा, मग ऑर्डर द्या. पापलेट, सुरमईच्या हट्टापायी बजेट मोडतं. बांगड्याची थाळीही तितकीच ग्रेट लागते. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घरी न्या. आई खूश, पुढच्या ट्रिपची परवानगी पक्की!

समुद्राशी पंगा नाही

ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीची वेळ उलटल्यावर तासाभराच्या आत किनाऱ्यावर परत या. किल्ल्यात रमलेले लोक भरतीत अडकतात आणि मग बोट येईपर्यंत बसून राहतात, तेही नशीब चांगलं असेल तर. पाणी घोट्याला आहे म्हणून ‘अजून पाच मिनिटं’ करू नका. भरतीचं पाणी मागून, शांतपणे येतं. जून ते सप्टेंबर किल्ल्याचा विचारच नको. पाण्यात उतरायचं तर गुडघ्यापर्यंत, आणि बिअर पिऊन तर अजिबात नाही.

सॅकमध्ये जास्तीची हाफ पँट, टॉवेल, प्लॅस्टिकची पिशवी (ओल्या चपलांसाठी), टोपी आणि थोडी सुट्टी कॅश. कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय चालतं, पण घाटात नेटवर्क चालेलच असं नाही.

मग काय, उठा, कालनिर्णय काढा आणि पुढची द्वादशी-त्रयोदशी शनिवारी कधी येते ते बघा. सापडली? लगेच ग्रुपवर टाका. फक्त ‘कधी जायचं?’ असं विचारू नका. तारीख सांगा आणि परतीचं तिकीट काढून मोकळे व्हा!